सांधेदुखीसाठी बोन स्कॅन करायला जाताय? पहिली दहा मिनिटं हातची जाऊ देऊ नका

"हाडाचा फोटो कशाला गो बाय? हाड नाही माझं दुखत, हे वरचं दुखतं." गोव्यातल्या डिचोलीकडून आलेल्या एका आजींनी मनगटाच्या पाठीवरून दोन बोटं फिरवत मला सांगितलं होतं. बोटं फिरत होती तिथे एक लांबट, मऊ फुगवटा होता. नारळ खवताना आणि कपडे पिळताना तिथूनच कळ निघायची. हातातल्या चिठ्ठीवर मात्र 'बोन स्कॅन' एवढे दोनच शब्द होते.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषध देऊन शरीराचे फोटो काढणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ आहे. चिठ्ठीवर एवढंच असेल तर रिवाजाप्रमाणे इंजेक्शन द्यायचं, तीन तासांनी बोलवायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायचे. त्या दिवशी आजींच्या बोलण्यावरून मी आमच्या डॉक्टरांना विचारलं आणि मनगटांवर तिन्ही टप्प्यांचा स्कॅन केला (हे टप्पे पुढे सांगते). दुसऱ्या टप्प्याच्या फोटोत मनगटाच्या पाठीवर, आजींची बोटं फिरली होती नेमकी तिथेच, एक उभी गडद पट्टी आली. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेला, एक आवरण असतं. ते सुजलं होतं. तीन तासांनंतरच्या फोटोत ती पट्टी जवळजवळ विरून गेली होती. रिवाजाने गेलो असतो तर आजींचं म्हणणं कागदावर कुठेच उतरलं नसतं.

हा लेख पहिल्यांदाच हा स्कॅन करायला जाणाऱ्यांसाठी आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या लेकी-सुनांसाठी आहे. फिजिओथेरपी किंवा आमचंच तंत्र नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही तो उपयोगी पडेल.

नाव हाडाचं, मग मऊ भाग दिसतो कसा?

शिरेतून जे औषध देतात त्यात दोन गोष्टी असतात. एक टेक्नेशियम-९९एम, म्हणजे गॅमा किरण सोडणारं मूलद्रव्य. दुसरी एमडीपी, फॉस्फेटच्या कुळातलं संयुग. नवं हाड जिथे घडत असतं तिथल्या खनिजाला ते जाऊन चिकटतं. टेक्नेशियमला फॉस्फेटच्या संयुगाशी जोडून हाडांचे फोटो काढता येतात, हे १९७१ साली अमेरिकेत सिरॅक्यूज इथे जी. सुब्रमण्यन आणि जे. मॅकाफी यांनी दाखवलं. एमडीपी त्यानंतर काही वर्षांनी आलं आणि आजही तेच वापरतात.

पण औषध हाडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाट सोडल्यावर काय होतं ते आठवा. आधी पाणी पाटातून धावतं. मग माडाच्या, पोफळीच्या आळ्यात साठतं. झाडाच्या अंगी लागतं ते सगळ्यात शेवटी. स्कॅनचे तीन टप्पे असेच आहेत. इंजेक्शन जात असतानाच्या पहिल्या मिनिटात रक्ताची धाव दिसते, तो 'फ्लो'. पुढच्या दहा मिनिटांच्या आत रक्त कुठे जास्त साठलंय ते दिसतं, तो 'ब्लड पूल'. दोन ते चार तासांनी हाडाने काय धरून ठेवलं ते दिसतं, तो 'डिलेड'. संध्याकाळी कुळागरात गेलात तर झाड हिरवं आहे की नाही एवढंच कळेल. सकाळी कुठलं आळं तुंबलं होतं, ते कळणार नाही.

सांध्याचं अस्तर, कंडरेचं आवरण, तळपायाचा पडदा, टाचेमागची जाड दोरी हे सगळे मऊ भाग. ते सुजले की तिथे रक्त जास्त येतं, म्हणून ते पहिल्या दोन टप्प्यांतच बोलतात.

आधी डॉक्टरांना विचारा: हाच तपास का?

हे मोकळेपणाने सांगायलाच हवं. मऊ भागाची सूज पाहायला बहुतेक वेळा सोनोग्राफी किंवा एमआरआय जास्त नेमकं सांगते. एकाच सांध्याचा प्रश्न असेल तर सोनोग्राफी स्वस्त आहे, तिथल्या तिथे होते आणि किरणोत्सर्ग अजिबात नाही. बोन स्कॅन 'इथे काहीतरी चाललंय' हे फार चटकन पकडतो, पण 'नेमकं काय चाललंय' हे सांगण्यात तो कमी पडतो.

मग तो सांगतात कधी? दुखणं अनेक सांध्यांत पसरलंय आणि कुठे खरी सूज आहे, कुठे नुसती झीज, ते एका दमात पाहायचंय तेव्हा. गुडघा किंवा खुबा बदललेला आहे आणि आतल्या धातूमुळे एमआरआय धूसर येतो तेव्हा. हात मोडून बरा झाला तरी आग होते, रंग बदलतो, घाम येतो, अशा चिवट वेदनेचा संशय असतो तेव्हा. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून राहिलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यातही कधी कधी डॉक्टरांना सगळ्या शरीराचा नकाशा हवा असतो.

तुमचं कारण यांपैकी कुठलं, ते विचारून घ्या. ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी नीट पडते.

चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून आणा

माझ्या लेखी हीच सगळ्यात मोलाची पायरी. बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) ओपीडी असो की फोंड्या-म्हापशातला खासगी दवाखाना, डॉक्टरांच्या टेबलावरून उठण्याआधी चिठ्ठीवर 'थ्री-फेज' (तीन टप्प्यांचा) हा शब्द आणि कुठला भाग, हे लिहिलेलं आहे का ते पाहा.

भाग लिहिणं एवढं महत्त्वाचं का? पहिल्या मिनिटात गॅमा कॅमेरा फक्त एकाच ठिकाणी पाहू शकतो. त्याच्या चौकटीत दोन्ही तळहात मावतात, किंवा दोन्ही गुडघे, किंवा दोन्ही पावलं. हात पाहत असताना टाच निसटते आणि ते मिनिट परत मिळत नाही. दुसऱ्या टप्प्यात थोडी सवड असते. कॅमेरा पटकन सरकवून आणखी एखाद-दुसरा भाग घेता येतो, काही ठिकाणी सगळ्या अंगाचाही घेतात. पण पहिली जागा एकच.

म्हणून घरीच ठरवून या. एका कागदावर माणसाची साधी आकृती काढा, दुखतं तिथे फुल्या मारा आणि ज्या ठिकाणी सूज हाताला लागते तिथे गोल करा. दुखतं आणि सुजतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्याला आधी सुजेचं ठिकाण द्यायचं. सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ धरून राहतो तेही लिहा. अर्धा-पाऊण तास की पाच मिनिटं, यावरून रिपोर्ट लिहिणाऱ्याला खूप कळतं.

अपॉइंटमेंटबद्दल एक. टेक्नेशियम बाटलीत साठवून ठेवता येत नाही. दर ६ तासांनी ते निम्मं होतं. मॉलिब्डेनम या दुसऱ्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यापासून ते बनतं. मॉलिब्डेनम भरलेल्या 'जनरेटर' नावाच्या उपकरणातून ते रोज काढावं लागतं, आणि मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मं होत असल्यामुळे जनरेटर साधारण आठवड्याला नवा लागतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बोन स्कॅन ठरावीक वारांनाच ठेवतात, आणि माल उशिरा आला तर तारीख पुढे जाते. आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करा. वाळपई किंवा काणकोणहून पहाटेची कदंब बस पकडून यायचं आणि परत जायचं, हे त्या एका फोनने टळतं. तुमच्या नावाचा डोस त्या वेळेसाठी मोजलेला असतो, तेव्हा तुम्हीही वेळेवर या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते सोबत ठेवा आणि भरती न होता केलेला स्कॅन त्यात बसतो का, हे काउंटरवर आधीच विचारा.

घरून निघताना

उपाशी राहायचं नाही. मधुमेह असेल तर वेळच्या वेळी खाऊन, गोळी घेऊन या. नेहमीची औषधं मनाने बंद करू नका, संधिवाताची मेथोट्रेक्सेट असो वा बीपीची गोळी. फक्त यादी आणा, कारण काही गोष्टी चित्र बदलतात. स्टेरॉइड आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सूज दाबतात, त्यामुळे ब्लड पूलचा फोटो खऱ्यापेक्षा शांत येऊ शकतो. सांध्यात नुकतंच इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतात त्या गोळ्या किंवा सलाइन चालू असेल तर तेही सांगा. कमरेत लोहाचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या जागी औषध साठून उगाच डाग दिसतो. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधी, अपॉइंटमेंट घेतानाच बोला.

आदल्या दिवशी दुखऱ्या सांध्याला राबवू नका. चवथ (गणेश चतुर्थी) संपल्यावर दुसऱ्याच दिवशी आलेल्या एक काकी मला आठवतात. दोन दिवस नेवऱ्या (करंज्या) लाटून, मुरडून, पाटावर बसून सगळं केलेलं. उजव्या हाताची बोटं ब्लड पूलमध्ये डाव्यापेक्षा गडद आली. त्यातलं आजाराचं किती आणि दोन दिवसांच्या कामाचं किती, हे कुणालाच ठामपणे सांगता येईना. स्कॅनची तारीख सणापासून लांब घ्या.

हात पाहायचे असतील तर अंगठ्या, धातूच्या बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. धातू किरण अडवतो आणि तिथे खोटी रिकामी जागा दिसते. सुजलेल्या बोटातून अंगठी निघत नसेल तर ओढाताण करू नका. तसंच या आणि आम्हाला सांगा, रिपोर्टमध्ये नोंद होते.

इंजेक्शनची वेळ

इथे तोंड उघडून एक गोष्ट सांगायचीच: "या हाताला सूज आहे, दुसऱ्या हातात द्या." दोन्ही हात दुखत असतील तर कमी दुखणाऱ्या हातात किंवा पायाच्या शिरेत देता येतं का, ते विचारा. सुई टोचली त्या बाजूला औषध आधी आणि दाट धावतं, थोडं बाहेर झिरपलं तर डाग होतो. मग मनगटाची सूज कुठली आणि आमची सुई कुठली हे ओळखणं कठीण जातं. झिरपलेलं औषध काखेतल्या गाठीपर्यंत चढतं आणि तिथेही ठिपका दिसतो. नव्या माणसाला ते पाहून धडकी भरते. टोचताना जळजळ किंवा फुगल्यासारखं वाटलं तर गप्प बसू नका.

नव्या तंत्रज्ञांना सांगते: शीर मिळाली की पट्टा सोडा आणि लगेच औषध ढकलू नका, एखादं मिनिट थांबा. पट्टा सुटल्यावर त्या हातात रक्ताचा लोंढा येतो. त्याच क्षणी फ्लो घेतला तर तो अख्खा हात सुजल्यासारखा दिसेल. तळहात चौकटीवर पालथे, बोटं थोडी फाकवून, दोन्ही एका पातळीत. एक हात तिरका पडला की दोन बाजूंची तुलना गेली, आणि या स्कॅनचा अर्धा अर्थ तुलनेतच असतो.

तुम्ही मात्र फक्त स्थिर राहायचं. पहिलं मिनिट आणि मग साधारण पाच-दहा मिनिटं. कॅमेरा अंगाजवळ येतो, पण टोचत नाही, दाबत नाही. बोटं सरळ होत नसतील तर जोर करू नका, खाली मऊ घडी द्यायला सांगा.

मधले तीन तास

आता पाणी प्या. नारळपाणी, ताक, पेज, काहीही चालेल, एकूण लिटरभर तरी पोटात जाऊ द्या. किडनी किंवा हृदयाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल तर तेवढंच. लघवीला पुन्हा पुन्हा जा. हाडाला न चिकटलेलं औषध लघवीवाटे निघून जातं. पाणी कमी पडलं तर ते रक्तात आणि मांसात रेंगाळतं आणि सगळं चित्र मळकट होतं. त्या मळकटपणात मऊ भागाचा खरा डागही बुडतो. किडनी कमजोर असेल तरी असंच होतं, म्हणून किडनीच्या रक्ततपासणीचा, क्रिएटिनिनचा, कागद असेल तर दाखवा.

लघवीनंतर हात धुवा, कपड्यावर थेंब उडू देऊ नका. मांडीजवळ चमकणारा एक ठिपका पाहून एका घरातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आम्ही साडी बदलायला लावली, त्वचा पुसली, पुन्हा फोटो घेतला. ठिपका साडीबरोबर गेला होता.

या वेळात घरी जाऊन येण्याचा बेत करू नका. उशीर झाला की शेवटचा टप्पा बिघडतो. चहा-नाश्ता करा, बसा, पण शक्यतो लहान मुलांना आणि गरोदर बायकांना खेटून बसू नका.

शेवटच्या फोटोंना साधारण अर्धा तास लागतो. आधी मूत्राशय रिकामं करा. सुरुवातीला जो भाग पाहिला होता तोच पुन्हा, त्याच ठेवणीत घेतला जातोय ना, एवढं विचारा. काही ठिकाणी सीटी जोडलेला कॅमेरा असतो. त्यात डाग हाडात आहे की हाडालगतच्या दोरीत, हे वेगळं करता येतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी 'फ्लो' आणि 'ब्लड पूल' यांवर वेगळ्या ओळी आहेत का ते पाहा. नसतील, तर थ्री-फेज झालाच नाही किंवा लिहायचा राहिला. परत जाऊन विचारा.

मग तिन्ही टप्प्यांची जोडी लावा. पहिले दोन गडद आणि तिसरा जवळजवळ शांत असेल, तर दुखणं मुख्यतः मऊ भागात आहे: कंडरेचं आवरण, सांध्याचं अस्तर, किंवा त्वचेखालचा जंतुसंसर्ग. तिन्ही एकाच जागी गडद असतील तर हाडही सामील आहे. सांध्याच्या जोरदार सुजेतही असं दिसतं आणि हाडाच्या संसर्गातही, म्हणून ताप, रक्ततपासणी आणि एक्स-रे यांच्यासोबतच ते वाचायचं. पहिले दोन शांत आणि तिसराच गडद, विशेषतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांत, तर बहुधा जुनी झीज.

डागांची ठेवणही बोलते. दोन्ही मनगटं आणि मुठीचे उंचवटे सारखेच गडद असतील तर संधिवाताकडे, ज्याला डॉक्टर रूमॅटॉइड म्हणतात, नजर जाते. एखादंच बोट मुळापासून टोकापर्यंत सबंध गडद असेल तर सोरायसिसचा सांधेदाह आठवतो, आणि मग डोक्यात किंवा कोपरावर खवले आहेत का ते पाहतात. टाचेमागे जिथे जाड दोरी हाडाला चिकटते तिथे, किंवा टाचेखाली, डाग असेल आणि पहाटे कंबर धरत असेल, तर पाठीच्या कण्याच्या सांधेदाहाचा विचार होतो. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी एकटाच जोरदार डाग, तर युरिक ॲसिड. हे सगळे इशारे आहेत. निदान तुमचा डॉक्टर हाताने तपासून आणि रक्त पाहूनच करतो.

शेवटच्या टप्प्यात मऊ भागात डाग राहिला असेल तर तिथे कॅल्शियम साठत असण्याची शक्यता असते. खांद्याच्या कंडरेत खडूसारखा थर बसतो, खुबा बदलल्यावर मांसात हाड धरतं, काही त्वचारोगांत बोटांच्या टोकाशी कॅल्शियमच्या गाठी होतात. अशा वेळी साधा एक्स-रे पुष्कळ उलगडा करतो. किडनी आणि मूत्राशय मात्र नेहमीच दिसतात, त्यांना घाबरू नका. बदललेल्या गुडघ्याभोवती वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, डाग दिसणं नेहमीचं आहे. शस्त्रक्रियेची तारीख सांगितली नसेल तर त्यावरून उगाच घोळ होतो.

'नॉर्मल' लिहून आलं आणि सूज तर डोळ्यांना दिसतेय, असंही होतं. छोट्या सांध्यातली हलकी सूज या कॅमेऱ्याच्या हाती लागत नाही. तुमची सूज खोटी ठरत नाही. त्या एका जागेची सोनोग्राफी मागून घ्या.

घरी गेल्यावर

त्या दिवशी पाणी जास्त प्या, लघवीनंतर दोनदा फ्लश करा. नातवंडाला रात्रभर कुशीत घेऊन झोपणं एक दिवस थांबवा. चोवीस तासांत टेक्नेशियम सोळाव्या हिश्शावर येतं, आणि लघवीतून गेलेलं वेगळंच. सगळ्या स्कॅनचा किरणोत्सर्ग नेहमीच्या डोसला साधारण ४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) होतो. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. भीती बाळगण्याएवढं ते नाही, पण विनाकारण दर सहा महिन्यांनी स्कॅन करण्याएवढं नगण्यही नाही.

रिपोर्टच्या कागदाबरोबर फोटोंची सीडीही मागून घ्या आणि तिच्यात सुरुवातीच्या दोन टप्प्यांचे फोटो आहेत ना, हे काउंटर सोडण्याआधी विचारा. पुष्कळदा शेवटचे फोटोच छापून देतात. सीडीच्या पाकिटावर तारीख, सुई कुठल्या हातात दिली ते आणि त्या आठवड्यात चालू असलेल्या औषधांची नावं लिहा. डिचोलीच्या आजी वर्षाने परत आल्या तेव्हा त्यांच्या सुनेने पिशवीतून असंच पाकीट काढलं. आम्ही जुना आणि नवा ब्लड पूल शेजारी-शेजारी लावले, आणि मनगटावरची पट्टी किती उतरली ते आजींनाच पडद्यावर दाखवता आलं.